कुंद्याला पाणी

कुंद्याला पाणी घालणारी बाई मी माझ्या डोळ्यानं पाह्यलीय. अन् ते पाणी माझ्याच विहिरीचं होतं, तवा खोटं सांगायचं काही कारण न्हाई.

कुंदा कुणाला ठाऊक नसंल तर त्यानं आपल्या नशिबाला हात जोडावेत. काळ्या रानातलं गवत आहे ते. वरून कापलं तर दुप्पट येतं, जाळलं तर अजून जोमानं येतं, कारण त्याचा जीव वर नसतोच. हातभर खाली जमिनीत त्याच्या मुळ्यांचं जाळं असतं, त्याला आम्ही काशा म्हणतो. बोटभर काशी मातीत राह्यली की पुढच्या साली पुन्हा रान भरून कुंदा. माझी सासू मला कुंदाच म्हणायची. मीबी तिला मनातल्या मनात तेच म्हणायची.

मी सोनूबाई. वाटूरच्या अलीकडं रोडला लागून आमचं गाव. माझ्या रानाच्या शेजारी कारभारीचं रान, अन् कारभारी माझा भावकीतला दीर. तोंडावर मी त्याला भावजी म्हणते, माघारी काय म्हणते ते विचारू नका. आमच्या दोघांच्या मधल्या बांधावरून पूर्वी बैल चालायचा. ह्या माणसानं दर नांगरटीला तो बांध थोडा थोडा कोरला, अन् आता त्याच्यावरून मांजर चाललं तरी पाय घसरायचा.

कारभारी राह्यला गेला बदनापूरला, पोरानं बांधलेल्या बंगल्यात. गावाकडं यायचा ते पांढऱ्या चारचाकीत. रानाजवळ गाडी थांबायची, काच खाली यायची, आतून गार हवा अन् कारभारीचं तोंड बाहेर यायचं. डोळ्यावर हात धरून बघायचा, काहीतरी बोलायचा, अन् काच वर. ह्या माणसाचा पाय मी वर्षानुवर्षं मातीला लागलेला पाह्यला न्हाई. कापडाला डाग पडंल ना!

पण डोकं लई चालायचं त्याचं. रान सुधारायची त्याची एक तऱ्हा होती. एखादा खराब तुकडा हेरायचा अन् गावातल्या गरजू माणसाला ठोक्यानं द्यायचा. ठोक्यानं म्हणजे पाडव्याला ठरलेली रक्कम मालकाच्या हातावर ठेवायची, मंग सालभर पिकलं तरी तुमचं अन् बुडालं तरी तुमचंच. माणूस बिचारा पोटासाठी राबणार, तुकडा साफ करणार. साफ झाला की पुढच्या पाडव्याला काच खाली. "यंदा मी घरीच करून राह्यलो." काच वर. कचरूनं असंच एका तुकड्यातले दगड वेचून वेचून पाठीचा काटा ढिला करून घेतला. त्या दगडाची ताल, म्हणजे रचलेला बांध, अजून उभी आहे. रान मातर कारभारीकडं. कचरू त्या तालीवर बसून विडी पितो अन् शिव्या देतो, तेवढाच त्याचा हक्क.

अशा माणसाचं रान घ्यायला बेबीनंदा गेली.

बेबीनंदा म्हणजे आमच्या गावातल्या बुद्धविहाराच्या मागं राहती ती. काडीसारखी बाई, पण हसली की दोन गल्ल्या ऐकू जातं. तिचा नवरा तातेराव. तो हसत न्हाई, त्याच्या वाटचं बी तीच हसून घेती. ही दोघं दसरा झाला की बिऱ्हाड उचलायची अन् अंकुशनगरकडं उसात जायची. सगळा हिवाळा पालात. पहाटं थंडीत दवानं भिजलेला ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. पोरगी पायल कधी त्यांच्या संगं, कधी मावशीकडं, तिची शाळा म्हणजे ठिगळाची गोधडी.

एका साली उसातून आली अन् माझ्या ओट्यावर बसून म्हणली, "काकू, आता कोयता बास."

मी म्हणलं, "मंग काय करणार?"

"रान करणार. ठोक्यानं."

"कामून एवढं सुचलं?"

मला वाटलं पोरीच्या शिक्षणाचं काही सांगंल. ते तर होतंच, पोरगी दहावीपर्यंत यायला लागल्ती. पण ती म्हणली, "काकू, लग्न झाल्यापासून एक हिवाळा मी माझ्या घरात काढला न्हाई. तुम्ही बाया सकाळी दारात बसून ऊन खाता ना, तसं मला एकदा माझ्या दारात बसून ऊन खायचंय."

आता हसावं का रडावं? ऊन खायला चार एकर रान पाह्यजे म्हणणारी बाई मी पहिल्यांदा पाह्यली.

गावात चार ठिकाणी विचारलं तिनं. दोघा-तिघांनी "बघू" म्हणून वाटेला लावलं. बघू म्हणजे काय ते तिला बराबर कळतं, मलाबी कळतं. जय भीमवाल्याच्या हातात रान द्यायचं म्हणलं की आमच्यातल्या काही लोकांच्या पोटात अजून दुखतं, अन् वर तेच लोक म्हणतात आता तसलं काही राह्यलं न्हाई. कारभारीनं मातर लगेच हौ म्हणलं. त्याला जातीपेक्षा काशांची पडल्ती. रोडच्या कडेचं चार एकर त्यानं तिला दिलं. काळं रान, सोन्यासारखी माती, अन् तिच्यात छातीएवढा कुंदा. त्याच्या बापानं हात टेकल्ते त्या कुंद्यापुढं.

मी तिला सांगितलं, "बेबे, हा माणूस तुझ्याकडून कुंदा काढून घेईल अन् पुढच्या पाडव्याला तुलाच काढंल."

"काढू द्या की काकू," ती म्हणली. "आधी कुंदा तर निघू द्या."

भर उन्हाळ्यात ट्रॅक्टरनं खोल नांगरट केली. ढेकळं वर आली अन् ढेकळा-ढेकळातून पांढऱ्या काशा लोंबायला लागल्या. मंग सुरू झालं वेचणं. बेबीनंदा, तातेराव, सुट्टीतली पायल, तिघं खाली वाकलेली. कुदळीनं ढेकूळ फोडायचं, काशी ओढायची, टोपल्यात टाकायची. तातेराव दर टोपल्याला कण्हायचा. म्हणायचा, "उसाची मोळी बरी होती. निदान उभा तर राहायचो." ती म्हणायची, "उभं राहून काय केलं हो आजवर?" ढीगच्या ढीग जाळले. रानात धूर अन् तिघांची तोंडं कोळशाची. मी बांधावरून बघायची, म्हणजे जो उरलाय त्या बांधावरून, अन् जीव कळवळायचा. जेवायच्या टायमाला ठेच्याचा डबा घेऊन जायची मी, अन् एवढी मेहनत त्या काचवाल्याच्या घशात जाणार म्हणून माझ्याच घशाखाली घास उतरायचा न्हाई.

मिरगाच्या तोंडावर सगळं रान साफ झालं, फक्त रोडच्या कडेचा एक पट्टा राह्यला, लांब पण अरुंद, दोन बैलगाड्या शेजारी उभ्या राहतील एवढा. पेरणी आली, तो पट्टा तसाच सोडून त्यांनी सोयाबीन पेरलं, मागच्या अंगाला तूर. आता तिथली जागा ध्यानात घ्या. रोड खाली आहे अन् रान वर. पट्ट्यातला कुंदा वाढला की खालून गाडीतून बघणाऱ्याला फक्त कुंद्याची भिंत दिसती. तिच्या मागं सोयाबीन आहे का समुद्र आहे, काही कळत न्हाई.

दिवाळीच्या सुमाराला पांढरी गाडी थांबली. काच खाली आली. बेबीनंदा पट्ट्याजवळच उभी होती, मी माझ्या रानात.

कारभारीनं डोळ्यावर हात धरला. "का गं बेबीनंदा, सालभर काय केलं? कुंदा आहे तसा आहे की!"

बेबीनंदानं तोंड उघडलं. ती सांगणारच होती की आबा, मागं या, रान कसं साफ केलंय बघा. माणसाला आपलं काम दाखवायची हौस असतीच. पण ती बोलायच्या आत तोच म्हणला, "जाऊ दे. न्हाई निघायचा हा. माझ्या बापाला निघला न्हाई, तू काय काढणार? पुढच्या साली बी तूच कर. दुसरं कोण घेतंय हे रान?" अन् काच वर.

बेबीनंदाचं तोंड तसंच उघडं राह्यलं. मंग ते हळूहळू बंद झालं. मंग तिनं माझ्याकडं पाह्यलं अन् तिच्या डोळ्यात जे काही चमकलं ते बघून मी म्हणलं, आता गं माय, ही काहीतरी करती.

तिनं काय केलं सांगते. दुसऱ्या दिवशी तातेरावाला कामाला लावलं अन् पट्टा अन् रान ह्यांच्यामधी खोल चर खांदून घेतला, म्हणजे काशा सरकून आत येऊ नयेत. तातेराव खांदत खांदत म्हणला, "सगळं जग कुंदा मारतंय, अन् आम्ही त्याला वाडा बांधून राह्यलो." अन् त्या दिवसापासून तो पट्टा तिनं सांभाळला. बकऱ्या शिरल्या की दगड घेऊन धावायची. "हाकला, हाकला, माझा कुंदा खाऊन राह्यल्या!" बकऱ्या हाकणारी पोरंसोरं वेडी झाली म्हणायची तिला. हिवाळ्यात हरभरा केला. गहू नको म्हणली, उंच होतो.

अन् फाल्गुनात, पाडव्याच्या आधी, उन्हानं पट्टा पिवळा पडायला लागला, तवा मी तो चमत्कार पाह्यला. बेबीनंदा हातात कळशी घेऊन कुंद्याच्या बुडाशी पाणी घालून राह्यली. एखाद्या तुळशीला घालावं तसं!

मी म्हणलं, "बेबे, ऊन लागलं का गं तुला?"

"काकू, हा वाळला तर मागचं सगळं दिसतंय. अन् दिसलं तर पाडव्याला गेलं रान. हा माझा पडदा आहे, ह्याला हिरवा ठेवावा लागंल."

"कळशीनं किती घालशील?"

"मंग काय करू?"

मी इकडं तिकडं पाह्यलं. माझी विहीर, माझी मोटर, माझी नळी. अन् तो माझा बांध, मांजराच्या पायाएवढा. मी सरळ नळी ओढली अन् चरावरून पलीकडं टाकली. त्या दिवशी मला जे समाधान झालं ते चारी धाम करून आलेल्या आमच्या जाऊबाईला झालं नसंल.

पाडव्याला कारभारी आला. काच खाली. "बघा, बघा," तो शेजारी बसलेल्या पोराला म्हणला, "उन्हाळ्यातबी हिरवागार! मरत न्हाई ही जात." बेबीनंदा पदर तोंडाला लावून उभी होती. त्याला वाटलं रडून राह्यली. आहे त्याच ठोक्यात पुन्हा रान दिलं, वर "हिंमत सोडू नको" म्हणला.

आता तुम्ही म्हणाल, गावात कुणीच कसं बोललं न्हाई? आमच्या गावाचं तोंड म्हणजे फुटका माठ. सकाळी सांगितलेलं दुपारपर्यंत वाटूरच्या फाट्यावर ऐकू येतं. पण ह्या एका गोष्टीला गावानं असं झाकण मारलं की मीच चाट पडले. कारण काय तर गावात असं घर न्हाई की ज्याला कारभारीनं कधी काच वर करून दाखवली न्हाई. कचरू तर रोज येऊन कुंदा बघून जायचा अन् बेबीनंदाला म्हणायचा, "ताई, डाव्या बाजूला जरा पातळ झालाय."

एकदाच थोडक्यात वाचलो. डिसेंबरात तूर उभी होती अन् कारभारी अचानक आला. "ते मागं उंच काय दिसतंय?" बेबीनंदा म्हणली, "काकूची तूर आहे, आबा." तो मला म्हणला, "वैनी, तूर बरी आलीय यंदा." मी म्हणलं, "तुमच्या पुण्याईनं, भावजी."

त्याच हिवाळ्यात पायल दहावीला होती. एक दिवस बी शाळा बुडली न्हाई पोरीची. अन् सकाळी मी दूध घालायला जायची तवा बेबीनंदा दारात बसलेली असायची, पाय लांब करून, हातात चहा, डोळे मिटलेले. शेजारी तातेराव. तो तर उन्हाला असा चिकटला होता की उठवावा लागायचा. ती मला म्हणायची, "काकू, गोड लागतंय हो ऊन." मला तिचं लई बरं वाटायचं. खरंच सांगते, माझ्या लेकीचं लग्न चांगल्या घरात झालं तवा वाटलं होतं तसं.

पण म्हणतात ना, अती तिथं माती. इथं तर खरोखर मातीच आली.

पाडव्याला आठ-दहा दिवस राह्यले होते. बेबीनंदा पट्ट्यात नळी धरून उभी. पांढरी गाडी आली अन् तिनं पटकन नळी लुगड्याखाली लपवली.

"काय करून राह्यली?"

"हात-पाय धुते, आबा."

"एवढं पाणी?"

"लई मळलेत."

आज गाडीत दुसरा एक माणूस होता, गळ्यात जाड साखळी. त्याची वीटभट्टी होती अंबडच्या बाजूला. कारभारीनं कुंद्याकडं बोट केलं अन् म्हणला, "हेच ते. नुसता कुंदा आहे, काही पिकत न्हाई. वरचा थर काढून फेकून द्या अन् खालची माती न्या." मंग बेबीनंदाला म्हणला, "तुझीबी सुटका झाली बघ. पाडव्याला ह्यांच्यासंगं बोली करून टाकतो. कुठवर मरशील ह्या रानात?" काच वर.

ती नळी तशीच लुगड्याखाली गळत होती. बाई ओलीचिंब झाली तरी तिला कळलं न्हाई.

माझ्या ओट्यावर येऊन ती रडली. हसणारी बाई रडली की बघवत न्हाई. म्हणली, "काकू, मीच पाणी घालून घालून माझं रान मारलं. आता तिथं पुरुषभर खड्डा पडंल. पुन्हा कधीच काही उगवायचं न्हाई."

मी म्हणलं, "अगं मंग सांगून टाक खरं. रान सुधारलंय म्हणलं की तो माती कामून विकंल?"

"विकणार न्हाई. मंग स्वतः करंल. माती गेली काय अन् त्यानं घेतलं काय, मला दसऱ्याला कोयताच उचलायचाय. पायल आता कॉलेजला म्हणून राह्यली." तिनं पदरानं डोळे पुसले. तातेराव खाली उकिडवा बसल्ता, जमिनीवर काडीनं रेघोट्या मारत. तो एकदम म्हणला, "आपण कुंद्यामागं रान लपवायला शिकलो. कुंदा विकायला न्हाई शिकलो." तातेराव सालात एखादं असं बोलतो, अन् मंग पुढच्या सालापर्यंत गप.

बेबीनंदानं त्याच्याकडं पाह्यलं. रडायचं थांबलं. अन् ते डोळे पुन्हा तसेच चमकले.

आमच्याकडं पाडव्याची बोली म्हणजे बोली. सालदार असू द्या का रान, पाडव्याला पारावर चार माणसात शब्द गेला की कागद कुणी विचारत न्हाई. बेबीनंदाच्या दारात गुढी नसती, पण पाडव्याच्या बोलीला तीबी तेवढीच बांधलेली अन् आम्हीबी. शब्द मोडणाऱ्याला मंग सालभर गावात ना सालदार मिळतो ना कापूस वेचायला बाई. अन् कारभारीचं बाकीचं वीस एकर रान गावातल्याच हातांवर चालायचं.

तर पाडव्याला निंबाखालच्या पारावर सगळे जमले. कारभारी पांढऱ्याशुभ्र कपड्यात, शेजारी भट्टीवाला. सगळ्यांच्या हातावर निंबाचा पाला अन् गूळ. बेबीनंदा पुढं झाली.

"आबा, रान कुंद्यापायीच देऊन राह्यला ना?"

"मंग काय हौसेनं? सोनं पिकलं असतं तर दिलं असतं का?"

"अन् मी कुंदा काढला तर?"

कारभारी हसला. भट्टीवालाबी हसला. बाकी पारावर कुणी हसलं न्हाई, सगळे निंबाचा पाला चावून राह्यले खाली बघून. कारभारी म्हणला, "अगं, दोन सालात तुला एक काडी कमी करता आली न्हाई."

"आठ दिवस द्या मला."

"आठ दिवसात?" कारभारी आता मांडी थापटून हसला. "आठ दिवसात चार एकर कुंदा काढलास तर दहा साल रान तुझं, आहे त्याच ठोक्यानं!"

"दहाच?" बेबीनंदा म्हणली.

"बारा घे! बारा साल! कारभारी बोलतोय!"

"अन् न्हाई निघला तर मी गपचूप बाजूला," ती म्हणली. "तुम्ही माती विका न्हाईतर राख विका."

"बोलीला मी साक्षी," कचरू म्हणला. तो इतक्या जल्दी म्हणला की मला भीती वाटली, हा आता हसतोय. मंग पारावरचा एकेक माणूस म्हणला, मीबी साक्षी, मीबी साक्षी. अख्खं गाव एका आवाजात बोलतंय म्हणल्यावर शहाण्या माणसाला शंका यायला पाह्यजे होती. आमच्या गावात गणपतीच्या वर्गणीवरबी एकमत होत न्हाई. पण गार हवेत बसून बसून कारभारीच्या डोक्याला झापड आल्ती. त्यानं निंबाचा घास गिळला अन् शब्द पक्का झाला.

आठ दिवस कशाला लागतायत? चारच दिवसात पट्टा खांदला. बेबीनंदा, तातेराव, पायल, कचरू, अन् मी साठीतली बाई कुदळ घेऊन. अर्धं गाव टोपली घेऊन आल्तं. काशा निघल्या, ढीग पेटला. शेवटचं ठोंब निघलं अन् रोडवर उभं राहून आम्ही वर पाह्यलं. माय माय! चार एकर काळंभोर रान, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, कुंद्याची एक काडी न्हाई. मलाबी ते रोडवरून पहिल्यांदाच दिसत होतं.

आठव्या दिवशी पांढरी गाडी आली. काच खाली गेली. कारभारीनं डोळ्यावर हात धरला. मंग हात काढला, मंग पुन्हा धरला. काच काही वर जाईना. मंग अशी गोष्ट झाली की कचरूच्या तोंडातली विडी खाली पडली. गाडीचं दार उघडलं अन् कारभारी खाली उतरला.

चढ चढून तो रानात गेला. पांढरी चप्पल ढेकळात रुतली, ती तिथंच सोडून अनवाणी पुढं गेला. मधी जाऊन बसला अन् हातानं माती उकरायला लागला. इथं उकरली, तिथं उकरली. काशी सापडंना. मंग त्याला हरभऱ्याची जुनी धसकटं दिसली. मंग चर दिसला. मंग चरावरून आलेली नळी दिसली, अन् त्या नळीच्या मागं मागं त्याची नजर सरळ माझ्या विहिरीवर आली, अन् तिथून माझ्यावर.

"वैनी," तो म्हणला, "तुम्ही कुंद्याला पाणी घातलं?"

"घातलं भावजी. तुम्ही माझा बांध खाल्ला, मी तुमचा कुंदा पोसला. फिटंफाट."

त्याचं तोंड लालबुंद झालं. "फसवलं मला! अख्ख्या गावानं फसवलं! मी मोडतो बोली!"

"मोडा आबा," कचरू म्हणला. "मंग कापूस वेचायला बदनापूरहून माणसं आणा. बंगल्यातली आणा."

बेबीनंदा पुढं आली. मला वाटलं आता ती हसंल अन् सगळं बिघडवंल. पण ती हसली न्हाई. म्हणली, "आबा, रान तुमचंच आहे. मी कुठं उचलून नेत न्हाई. तुम्ही एकदा जरी गाडीतून उतरला असता तर पहिल्याच साली तुम्हाला दिसलं असतं. मला तर दाखवायचंच होतं. मला दुसरं काही नको, मला फक्त हिवाळ्यात घरी राह्यचंय."

कारभारीच्या हातात ढेकूळ होतं. त्यानं ते दाबलं, ते भुरभुर फुटलं. मंग हळूच म्हणला, "माझा बाप ह्या कुंद्यापायी रडायचा गं." अन् हात न झटकता तसाच खाली उतरला, गाडीत बसला, काच वर गेली.

गाडी सुरू झाली, दोन हात पुढं गेली, अन् थांबली. काच पुन्हा खाली.

"मी दहा म्हणलो होतो," आतून आवाज आला.

"बारा!" अख्खं गाव ओरडलं.

"बारा तर बारा." काच वर. पांढरी चप्पल रानातच राह्यली. तातेरावानं ती झाडून बांधावर ठेवली, मालकाची आहे म्हणून.

परवा सकाळी दूध घालायला मी बेबीनंदाकडं गेले. थंडी पडलीय आता चांगली. ती दारात, पाय लांब करून, डोळे मिटून. मीबी टेकले तिच्याजवळ. एवढ्यात कचरू आला, अन् हा गडी कधी नव्हे तो लाजून राह्यला. अंगठ्यानं जमीन टोकरत म्हणला, "ताई, रोडच्या पलीकडं एका मालकाचं रान घेतलंय मी ठोक्यानं. खराब आहे, पण सुधरंल." मंग इकडं तिकडं बघून आवाज बारीक केला. "तुमच्याकडं दोन-चार काशा राह्यल्यात का हो?"

बेबीनंदानं डोळे उघडले न्हाई. नुसतं घराच्या मागं बोट केलं. मी उठून पाह्यलं तर तेलाच्या जुन्या डब्यात कुंद्याचं एक ठोंब, हिरवंगार, टरारलेलं.

"घेऊन जा," ती म्हणली. "पाणी घालत जा बरं का रोज."